गाडी वेशीबाहेर ठेवून फ्लॉरेन्स पायी कसे पाहावे

मिलानहून रोमकडे जाणारा ए-वन महामार्ग फ्लॉरेन्सच्या अगदी कडेने जातो, त्यामुळे इटलीत स्वतः गाडी चालवत फिरणाऱ्या बहुतेकांच्या आखणीत या शहरासाठी एक दिवस राखलेला असतो. तो दिवस कसा घालवावा याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गाडी घेऊन आलेल्या माणसाने गाडीचे काय करावे, हा पहिला प्रश्न बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकलेला असतो. आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, या मार्गाने गेलो. फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्या टस्कनीतल्याच एका लहान गावात केलेल्या चुकीची किंमत मोजून मग फ्लॉरेन्स मात्र नीट पाहिले. ज्या क्रमाने गोष्टी समोर येतात, त्याच क्रमाने त्या येथे मांडत आहे.

१. भारतातून निघण्यापूर्वी

इटलीत भारतीय परवान्यावर गाडी चालवायची असेल, तर सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असावा लागतो. तो आपल्या आरटीओकडून मिळतो. सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो, शुल्क १,००० रुपये आहे आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. ही मुदत परवाना दिल्याच्या तारखेपासून मोजली जाते, प्रवासाच्या तारखेपासून नव्हे. म्हणून फार आधी काढून ठेवण्यात शहाणपणा नाही. हा परवाना एकटा चालत नाही, मूळ परवानाही जवळ लागतो. आपल्याकडे परवान्याची प्रत मोबाइलमध्ये दाखवण्याची सवय झाली असल्यामुळे कित्येक जण मूळ कार्ड घरीच विसरतात आणि भाड्याच्या गाडीच्या खिडकीवर अडकून पडतात.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:

– पारपत्र आणि शेंगेन व्हिसा. व्हिसासाठी घेतलेल्या किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याची छापील प्रत
– मूळ वाहन परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना
– गाडी ज्याच्या नावाने घेतली आहे, त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड. अनामत रक्कम त्यावर रोखून ठेवली जाते आणि तेथे डेबिट कार्ड सरसकट चालेल असे धरू नये
– भाडेकराराची प्रत, आणि गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे
– मुख्य कॅथेड्रलचा घुमट, उफित्झी संग्रहालय किंवा आक्कादेमिया संग्रहालय यांपैकी जे पाहायचे असेल त्याची वेळ ठरवून घेतलेली तिकिटे

दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी इटलीत विशेष आसन सक्तीचे आहे. गाडीचे आरक्षण करतानाच ते मागून घ्यावे.

२. महामार्गावर

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आणि चालकाची जागा डावीकडे, याची सवय अर्ध्या तासात होते. पण सकाळी पहिल्यांदा गाडी बाहेर काढताना आणि गोल चौकात शिरताना हात जुन्या सवयीने वळतात. सोबतच्या माणसाने पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर “उजवीकडे” असे मोठ्याने म्हणावे. आमच्याकडे हे काम मुलीने इतक्या निष्ठेने केले, की मायदेशी परतल्यावर तिला थांबवावे लागले.

टोलमहामार्गाच्या पाट्या हिरव्या असतात, इतर मोठ्या रस्त्यांच्या निळ्या. महामार्गावर शिरताना यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना ती दाखवून अंतराप्रमाणे टोल भरायचा, अशी पद्धत आहे. चिठ्ठी हरवल्यास सर्वांत लांबच्या नाक्यापासूनचा टोल आकारला जातो, म्हणून ती खिशात न ठेवता चालकासमोरच्या सूर्यझडपेत (सन व्हायझरमध्ये) अडकवून ठेवावी. पिवळी रांग टेलिपास यंत्र बसवलेल्या गाड्यांची असते. आपल्या फास्टॅगच्या सवयीने तिच्यात शिरू नये. वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर आहे, पावसात ११०. आणखी एक बारीक गोष्ट: पाट्यांवर फ्लॉरेन्स हे नाव सापडणार नाही. तेथे शहराचे नाव फिरेन्झे असे असते.

३. शहराच्या वेशीवरचा सापळा

जुन्या काळी शहरांना वेस असे आणि रात्री दरवाजे बंद होत. इटलीतल्या जुन्या शहरांना आजही तशी वेस आहे. फरक इतकाच, की तिचे दरवाजे दिसत नाहीत. शहराच्या जुन्या भागात परवानगी नसलेल्या गाड्यांना ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते आणि या भागाला झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र, असे म्हणतात. सीमेवर लाल कडेची गोल पांढरी पाटी असते आणि वर कॅमेरा. कोणी अडवत नाही, शिटी वाजत नाही. गाडी आत जाते आणि तिच्या क्रमांकाचे छायाचित्र निघते.

पाटीजवळच्या दिव्यांच्या फलकावर “वार्को आत्तिवो” असे शब्द असतील, तर आत जायचे नाही. येथेच बहुतेक नवखे फसतात, कारण आत्तिवो म्हणजे ‘चालू’, आणि दरवाजा चालू आहे म्हणजे वाट मोकळी असणार, असा अर्थ मन आपोआप लावते. प्रत्यक्षात चालू असतो तो पहारा. “नॉन आत्तिवो” असे असेल तेव्हाच वाट मोकळी असते. बंदीच्या वेळा वारानुसार आणि ऋतूनुसार बदलतात, उन्हाळ्यात काही रात्रीही बंदी असते. अनोळखी शहरात गाडी चालवत असताना हा हिशेब करण्याच्या फंदात पडूच नये. मोबाइलवरचा नकाशा ही सीमा प्रत्येक वेळी पाळेलच, असेही नाही.

आमची चूक अशी झाली. त्या लहान गावात गाडी ठेवायला जागा शोधताना मी एका अरुंद गल्लीत शिरलो, जागा नाही म्हणून फेरी मारून पुन्हा त्याच गल्लीत शिरलो आणि शेवटी गावाबाहेर गाडी लावली. दुसऱ्याच महिन्यात क्रेडिट कार्डावर एक किरकोळ रक्कम कापली गेली. ती दंडाची नव्हती, चालकाचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडी भाड्याने देणाऱ्यांनी आकारलेली होती. खरे पाकीट आठ महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर आले आणि त्यात एक नव्हे, दोन दंड होते, कारण प्रत्येक वेळी सीमा ओलांडणे हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो. परदेशी राहणाऱ्याला अशी नोटीस पाठवण्यासाठी इटालियन कायदा ३६० दिवसांची मुदत देतो. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत पैसे भरले, तर दंडात ३० टक्के सूट मिळते. म्हणून पाकीट आल्यावर “बघू नंतर” असे म्हणून कपाटात ठेवू नये.

मुक्काम झेडटीएलच्या आतल्या हॉटेलात असेल, तर हॉटेलवाले गाडीचा क्रमांक कळवून तेवढ्यापुरती परवानगी मिळवून देऊ शकतात. ते आपण होऊन करतील अशा भरवशावर राहू नये. आधी लिहून विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. माझे स्पष्ट मत मात्र असे आहे, की गाडी असताना जुन्या शहरात मुक्कामच करू नये.

४. गाडी कुठे ठेवावी

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे व्हिला कोस्तान्झा हे वाहनतळ. ते ए-वन महामार्गालाच जोडलेले आहे, त्यामुळे टोलनाक्यातून बाहेर न पडता थेट तेथे पोहोचता येते. येथून गाडी शहराच्या रस्त्यांवर जाऊच शकत नाही, ती पुन्हा महामार्गावरच निघते. ज्याला शहरात गाडी नेण्याचा मोह आवरेल असा भरवसा नाही, त्याच्यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही. टोलची चिठ्ठी मात्र जपून ठेवावी, कारण तुमचा महामार्गावरचा प्रवास अजून संपलेला नसतो.

शहराच्या रस्त्याकडेला गाडी लावायचीच असेल, तर रेषांचे रंग ओळखावे लागतात. निळ्या रेषेत पैसे भरून गाडी लावता येते. पिवळी रेषा राखीव असते. पांढरी रेषा इटलीत इतरत्र बहुधा मोफत असते, पण फ्लॉरेन्सच्या नियंत्रित भागांत ती तेथील रहिवाशांसाठी असते. शिवाय रस्ता धुण्याचे दिवस आणि वेळ सांगणारी छोटी पाटी खांबावर असते. त्या वेळी गाडी तेथे उभी राहिली, तर उचलून नेली जाते. सामान बाहेरून दिसेल असे गाडीत ठेवू नये, हे आपल्याकडच्या प्रवाशाला सांगण्याची गरज नसावी.

५. ट्रामने शहरात

व्हिला कोस्तान्झा हे टी-वन या ट्राममार्गाचे पहिलेच स्थानक आहे. तिकीट यंत्रातून निघते. कागदी तिकीट ट्राममध्ये चढताच तेथील लहान यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. शिक्का नसलेले तिकीट हातात असूनही दंड होतो आणि “आम्हाला ठाऊक नव्हते” हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही. साधारण पंचवीस मिनिटांत ट्राम आर्नो नदी ओलांडून सान्ता मारिया नोव्हेल्ला या मुख्य रेल्वे स्थानकापाशी पोहोचते. वाटेत नदी ओलांडताना लागणाऱ्या कॅश्शिने या स्थानकाचे नाव लक्षात ठेवा. शेवटी तेथे उतरायचे आहे.

६. पायी फिरण्याचा क्रम

जुने शहर लहान आहे. स्थानकापासून जुन्या पुलापर्यंत न थांबता चालले, तर पंचवीस मिनिटेही लागत नाहीत. म्हणूनच येथे वेळेची आखणी अंतरावरून नव्हे, तर रांगांवरून करावी. उफित्झी आणि आक्कादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात आणि त्याच कारणाने त्या दिवशी टाळण्याजोगी असतात. एका दिवसात यांपैकी एकच निवडावे.

सुरुवात स्थानकासमोरच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चपासून करावी. आतमध्ये मसाच्चो या चित्रकाराचे १४२० च्या दशकातले ख्रिस्ती त्रिमूर्तीचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे) भित्तिचित्र आहे. सपाट भिंतीत खोल कमान असल्याचा भास रेषांच्या गणिताने कसा निर्माण करता येतो, हे त्याने येथे दाखवले. चित्रासमोर दोन पावले मागेपुढे सरकून पाहावे. ठरावीक अंतरावर भिंत खरोखर आत गेल्यासारखी दिसते.

तेथून दहा मिनिटांत दुओमो, म्हणजे मुख्य कॅथेड्रल. त्याचे काम १२९६ मध्ये सुरू झाले, पण घुमट कसा उभारायचा हे कोणालाच सुचत नसल्यामुळे मधला अष्टकोन पिढ्यान्‌पिढ्या उघडा राहिला. इतक्या मोठ्या घुमटाला खालून आधार देणारा लाकडी सांगाडा उभारणे अशक्य होते. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात एकात एक असे दोन घुमट रचले आणि विटा सरळ थरांत न बसवता मधूनमधून उभ्या विटा घालून माशाच्या काट्यासारख्या वीणीत गुंफल्या, त्यामुळे ओला थर घसरत नसे आणि काम चालू असतानाच घुमट स्वतःला सावरून धरत असे. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्या सासूबाईंनी दोन्हींची तुलना केली आणि आवाज घुमण्याच्या बाबतीत विजापूरला कौल दिला.

घुमटावर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत आणि उद्वाहक नाही. वेळ ठरवलेले तिकीट बऱ्याच आधी काढावे लागते. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत आणि माझ्या मते तोच चढावा, कारण घुमटावरून घुमट दिसत नाही. कॅथेड्रलच्या मुख्य दालनात प्रवेश मोफत आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. उन्हाळ्यात एक ओढणी पिशवीत असली की काम भागते. समोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाच्या पूर्वेकडील सोनेरी दरवाजापुढे सगळे गर्दी करतात, पण ती प्रतिकृती आहे. घिबेर्ती या शिल्पकाराने २७ वर्षे खपून घडवलेला मूळ दरवाजा कॅथेड्रलच्या मागे असलेल्या संग्रहालयात आहे.

व्हिया देई काल्त्साइवोली या गाड्यांना बंद असलेल्या रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेले की पियात्झा देल्ला सिन्योरिया हा चौक लागतो. मायकेलँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा येथे उभा होता. १८७३ मध्ये तो आक्कादेमियात हलवला, आज दिसते ती नंतर बसवलेली प्रतिकृती. कारंज्याजवळ फरशीत एक गोल चकती बसवलेली आहे, बहुतेक लोक तिच्यावर पाय देऊन निघून जातात. शहरातल्या चैनीवर कोरडे ओढणारा आणि चित्रे, आरसे, पुस्तके यांची जाहीर होळी करवणारा साव्होनारोला हा धर्मोपदेशक २३ मे १४९८ रोजी याच जागी फासावर चढवून जाळला गेला. शेजारचे उफित्झी म्हणजे शब्दशः कचेऱ्या; मेदिची घराण्याच्या राज्यकारभारासाठी वासारी या वास्तुविशारदाने १५६० मध्ये ही इमारत बांधायला घेतली. आत किमान तीन तास धरावेत. मुले सोबत असतील, तर आधीच पाच-सहा चित्रे ठरवून तेवढीच पाहावीत.

पुढे पोन्ते व्हेक्यो, म्हणजे जुना पूल, १३४५ चा. त्यावर पूर्वी खाटकांची दुकाने होती; १५९३ मध्ये ती हटवून सोनारांना जागा देण्यात आली आणि आजही तेथे सोनारच आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नोवरचे बाकीचे पूल उडवले, हा एक ठेवला. पुलाचे खरे रूप पुलावरून दिसत नाही; पश्चिमेकडच्या सान्ता त्रिनिता पुलावर जाऊन पाहावे. तो पूल तेव्हा उडवलेल्यांपैकीच आहे आणि नदीतून काढलेले दगड वापरून १९५० च्या दशकात पूर्ववत बांधलेला आहे.

चालताना भिंतींकडे लक्ष असू द्यावे. काही ठिकाणी डोक्याच्याही वर संगमरवराची लहान पाटी असते, तिच्यावर एक आडवी रेघ आणि ४ नोव्हेंबर १९६६ ही तारीख. त्या दिवशी आर्नोचे पाणी त्या रेघेपर्यंत आले होते. पानशेतचा पूर पाहिलेल्या माणसांच्या गावातून आलेल्यांना या पाट्या कोणी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

७. पत्ते, पाणी आणि जेवण

फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन स्वतंत्र माळा आहेत. दुकाने आणि खाणावळींचे क्रमांक लाल, राहत्या घरांचे निळे किंवा काळे. लिहिताना लाल क्रमांकापुढे ‘आर’ हे अक्षर जोडतात. ते अक्षर दुर्लक्षून आम्ही एका खाणावळीचा पत्ता शोधत निळ्या क्रमांकाच्या दारापुढे उभे राहिलो, घंटाही वाजवली. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी खिडकीतून हातानेच रस्ता दाखवला. त्यांच्यासाठी हे रोजचेच असावे.

पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. सिन्योरिया चौकासह अनेक ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते, त्याच दुकानात बसून घेतली तर महाग. बिलात ‘कोपेर्तो’ अशी माणशी रक्कम दिसेल; ती फसवणूक नसते, टेबलावर बसण्याचे शुल्क असते. टस्कनीच्या पावात मीठ नसते, तेव्हा पाव फिका लागला म्हणून परत करू नये. शाकाहारी लोकांना शिळा पाव आणि भाज्या शिजवून केलेली रिबोल्लिता किंवा टोमॅटोची पाप्पा अल पोमोदोरो चालेल, मात्र रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारून घ्यावे. हातगाड्यांवर मिळणारे लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या चौथ्या जठराचे मांस असते. ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांनी नाव पाठ करून ठेवावे.

८. नदीपलीकडचा चढ, जमल्यास

सूर्यास्त पाहायला सगळे पियात्झाले मिकेलान्जेलोवर जातात. सान नीक्कोलो दरवाजापासून पायऱ्यांनी वीसेक मिनिटे लागतात, बसही आहे. आम्ही हा चढ सोडून दिला.

९. कोल्हापूरच्या महाराजांची छत्री

चढ सोडला तो या जागेसाठी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या प्रवासात ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वयाची एकवीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती आणि शहराने दहनाचा प्रकार कधी पाहिलेला नव्हता. तरीही अंत्यसंस्काराला परवानगी मिळाली आणि जागा निवडली गेली ती आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमाची. कॅश्शिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला, त्या संगमाजवळ १८७४ मध्ये छत्री उभारली गेली. खांबांवर नक्षीदार घुमटी आणि तिच्याखाली पागोटे घातलेला तरुण राजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. शेजारच्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक ‘पोन्ते आल्लिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसापाशी असलेला पूल, असे म्हणतात.

परतीच्या ट्राममध्ये कॅश्शिने स्थानकावर उतरावे. तेथून उद्यानातून नदीच्या कडेकडेने पश्चिमेला अडीच-तीन किलोमीटर चालावे लागते. रस्ता सपाट आणि सावलीचा आहे, पण तेवढेच अंतर परतही यायचे आहे, हे निघताना मोजावे. वयस्कर माणसे सोबत असतील तर टॅक्सी करावी. अंधार पडण्याआधी परत फिरावे, कारण उद्यानाचा हा भाग संध्याकाळनंतर निर्मनुष्य होतो. म्हणजे शहरातून दुपारी साडेतीनच्या सुमारास निघावे लागते. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा आठवडी बाजार भरतो, त्या दिवशी ट्रामला गर्दी असते.

आम्ही पोहोचलो तेव्हा दोघे धावपटू कठड्याला पाय लावून स्नायू ताणत होते. सासूबाईंचे माहेर कोल्हापूरचे. त्यांनी बूट काढले, दोन मिनिटे हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग बूट घालायला बाक कुठे आहे ते विचारू लागल्या. बाक छत्रीच्या समोरच्या झाडांखाली आहेत.

तेथून ट्रामने व्हिला कोस्तान्झाला परतल्यावर गाडीत बसण्यापूर्वी यंत्रावर वाहनतळाचे पैसे भरावेत, आणि सूर्यझडपेतली टोलची चिठ्ठी जागेवर आहे ना, ते पाहूनच महामार्गाला लागावे.